घराच्या आवारातील करंज लागवड

करंज हा शिंबावंत कुलातील मध्यम उंचीचा, दाट सावलीचा भारतीय वृक्ष आहे. त्याचे शास्त्रीय नाव पोंगॅमिया पिनाटा असे असून काही ग्रंथांत तो मिलेशिया पिनाटा या नावानेही नोंदवलेला आढळतो. नदीकाठ, ओढ्यांचे काठ आणि समुद्रकिनाऱ्यालगतची खारी जमीन ही त्याची नैसर्गिक वसतिस्थाने होत. पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यातील सोमेश्वरनगर परिसरात, तसेच नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील इतर गावांत, घराच्या आवारात लावण्याजोग्या सावलीच्या झाडांमध्ये करंजाला विशेष महत्त्व आहे. या भागातील अनेक जमिनी क्षारयुक्त किंवा पाणथळ झालेल्या आहेत, आणि अशा जमिनीत तग धरणारे सावलीचे देशी वृक्ष मोजकेच आहेत.

सोमेश्वरनगर ही श्री सोमेश्वर सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेली वसाहत आहे. कारखान्याचे व वसाहतीचे नाव ज्या देवस्थानावरून पडले, ते सोमेश्वराचे मंदिर जवळच्या करंजे या गावी आहे. करंजे आणि करंजेपूल ही दोन्ही गावनावे या वृक्षाच्या नावाशी जुळणारी आहेत. महाराष्ट्रात वड, पिंपळ, चिंच, जांभूळ अशा झाडांच्या नावांशी जुळणारी गावनावे विपुल असल्याने हे साम्य अनपेक्षित नाही.

वनस्पतीची ओळख

करंज साधारणपणे १५ मीटरपर्यंत वाढतो; अनुकूल जमिनीत, विशेषतः नदीकाठी, तो याहून उंच होतो. खोड आखूड असते व फांद्या कमी उंचीवरून फुटून आडव्या पसरतात. त्यामुळे झाडाचा घेर बहुधा त्याच्या उंचीइतकाच भरतो. पाने संयुक्त असून प्रत्येक पानात ५ ते ९ पर्णिका असतात. टोकाची पर्णिका इतरांपेक्षा मोठी असते. कोवळी पालवी तांबूस व चकचकीत असते आणि जून झाल्यावर गर्द हिरवी होते.

फाल्गुन-चैत्रात जुनी पाने पिवळी पडून गळतात. झाड अगदी थोडे दिवस विरळ दिसते आणि लगेच नवी पालवी फुटते. परसातील झाड म्हणून करंजाचा हा गुण फार मोलाचा आहे. एप्रिलअखेरीस, ऊन सर्वांत कडक असताना, पळस, पांगारा, सावर यांसारखी झाडे अंगभर सावली देण्याच्या स्थितीत नसतात. करंज मात्र त्याच वेळी नव्या पानांनी भरलेला असतो. पालवीपाठोपाठ पांढरट, फिकट जांभळ्या-गुलाबी छटेच्या फुलांचे तुरे येतात. फुलांत मध विपुल असल्याने बहराच्या काळात झाडावर मधमाश्यांची मोठी गर्दी होते.

शेंगा चपट्या, कठीण, टोकाला किंचित वाकलेल्या व साधारण ४ ते ६ सेंटिमीटर लांबीच्या असतात. त्या पिकायला जवळजवळ वर्ष लागते, म्हणून नवा बहर येतो तेव्हा झाडावर मागील वर्षाच्या वाळक्या शेंगा असू शकतात. शेंगेत बहुधा एकच, क्वचित दोन, तांबूस तपकिरी बिया असतात. शेंग आपोआप फुटत नाही. तिचा आकार दिवाळीतील करंजीशी इतका जुळतो, की शेंग पाहिलेल्या मुलाला झाडाचे नाव पुन्हा सांगावे लागत नाही.

नीरा खोऱ्यातील जमिनीचा प्रश्न

बारामती तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथे वर्षाला सुमारे ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा असतो. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा सुरू झाला, भाटघर धरणाचे पाणी या पट्ट्यात पोहोचले आणि दुष्काळी गावांत ऊस उभा राहिला. मात्र भारी काळ्या जमिनीत निचऱ्याची सोय न करता पाणी दिल्याने भूजलाची पातळी वर आली. खालच्या थरांतील क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागापर्यंत चढले आणि पाण्याची वाफ झाल्यावर मागे साचत गेले. हा प्रश्न अलीकडचा नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी व्ही. ए. ताम्हणे यांच्यासमवेत नीरा खोऱ्यातील क्षारजमिनींवर लिहिलेली पुस्तिका मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याने १९१० मध्येच प्रसिद्ध केली होती. पुढे १९३२ मध्ये नीरेजवळ पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र स्थापन झाले. क्षारपड जमिनीतील उसाची शेती हा तेथील अभ्यासाचा एक विषय राहिला आहे.

उसाच्या संदर्भात हा प्रश्न नेहमी चर्चिला जातो. घराभोवतीच्या झाडांच्या संदर्भात तो क्वचितच विचारात घेतला जातो. वास्तविक आवारातील माती शेतातल्या मातीहून वेगळी नसते; उलट तीत बांधकामाचा राडारोडा, सिमेंट व चुन्याचे अवशेष मिसळल्याने ती अधिकच अल्कधर्मी होते. वसाहतीत लावलेले आंब्याचे रोप दोन-तीन वर्षे बरे वाढते आणि मग पानांच्या कडा करपून वाळते, तेव्हा दोष रोपवाटिकेला किंवा पाण्याला दिला जातो. खरे कारण अनेकदा मुळांच्या थरात असते.

स्थानिक भाषेत अशा जमिनींचे तीन प्रकार ओळखले जातात. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार जास्त असतात व उन्हाळ्यात पृष्ठभागावर पांढरी पापुद्र्यासारखी बुरशी दिसते. चोपण जमिनीत सोडियमचे प्रमाण वाढल्याने मातीचे कण विस्कटतात. ती ओली असता चिकट व निसरडी, तर वाळल्यावर विटेसारखी कठीण होते आणि पाणी तिच्यात न मुरता वर साचून राहते. चिबड जमीन म्हणजे जेथे भूजल मुळांच्या थरापर्यंत वर आलेले असते ती पाणथळ जमीन. तिन्ही दोष एकाच ठिकाणी असणेही शक्य असते. मातीचा सामू ८.५ च्या वर असेल तर जमीन चोपण असण्याची दाट शक्यता असते, आणि विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रतिमीटरहून अधिक असेल तर ती खारवट मानली जाते. हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. त्यासाठी माती परीक्षण करावे लागते. माळेगाव येथील कृषी विज्ञान केंद्रात त्याची सोय आहे.

करंज या तिन्ही परिस्थिती बऱ्याच अंशी सोसतो. किनाऱ्यावर भरतीच्या पाण्याजवळ वाढणाऱ्या या वृक्षाच्या मुळांना खारेपणा परका नाही, आणि काही काळ पाणी साचले तरी मोठे झाड मरत नाही. मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात; त्यामुळे सेंद्रिय अंश कमी असलेल्या जमिनीतही झाडाला नत्राची फारशी उणीव भासत नाही. सोल खोल असल्याने एकदा मूळ धरल्यावर ते कोरडाही सहन करते. मात्र सहन करणे म्हणजे जमीन सुधारणे नव्हे. करंज लावल्याने चोपण जमिनीतील सोडियम निघून जात नाही. त्यासाठी जिप्सम आणि चर खोदून केलेला निचरा हेच उपाय आहेत. शिवाय सहनशीलतेलाही मर्यादा आहे: अतिचोपण जमिनीत करंज जगतो, पण खुरटा राहतो.

जागेची निवड

करंजाबाबत होणारी सर्वांत सामान्य चूक जागेची असते. पिशवीतील दोन फुटी रोप भिंतीपासून हातभर अंतरावर शोभते. पंधरा वर्षांनी त्याच रोपाचा घेर आठ-दहा मीटर होतो. झाड घराच्या भिंतीपासून किमान ६ मीटर आणि शौचालयाची टाकी, शोषखड्डा व जमिनीखालील पाण्याची टाकी यांपासून तितकेच दूर असावे. करंजाची मुळे आडवी दूरवर पसरतात आणि त्यांवर धुमारे फुटतात. ओलाव्याच्या शोधात ती टाकीच्या सांध्यांपर्यंत पोहोचू शकतात.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात ढोबळमानाने ३३ फूट लांब व तितकाच रुंद चौकोन. एवढ्या जागेत घर बांधल्यावर करंजासाठी जागा उरत नाही, आणि अशा ठिकाणी कढीपत्ता, शेवगा किंवा पारिजातक यांसारखे लहान झाड निवडणेच शहाणपणाचे ठरते. तीन-चार गुंठ्यांच्या वस्तीवर किंवा शेतातील घरापुढे मात्र एक करंज सहज मावतो. एकच, दोन करंज शेजारी लावल्यास काही वर्षांत दोघांचाही घेर एकांगी होतो.

दिशेचा विचार सहसा केला जात नाही, पण तो महत्त्वाचा आहे. सोमेश्वरनगर साधारण १८ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास तेथे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि मावळताना पश्चिमेच्या किंचित उत्तरेला कलतो. म्हणून उन्हाळ्यात भिंती तापू नयेत असा हेतू असल्यास झाड पश्चिमेला किंवा वायव्येला लावणे योग्य ठरते. दक्षिणेकडील करंज उन्हाळ्यात घराला फारशी सावली देत नाही. उलट हिवाळ्यातही तो पानांनी भरलेला असल्याने थंडीत हवेहवेसे वाटणारे ऊन अडवतो. कुरडया-पापडांचे वाळवण ज्या अंगणात घालायचे, त्या अंगणावरही त्याची सावली येऊ देऊ नये. ते काम मार्च-एप्रिलमध्ये चालते, आणि झाड त्याच काळात पाने व फुले गाळत असते.

विजेच्या तारांखाली करंज लावू नये. तारांसाठी वारंवार शेंडा तोडलेले झाड वेडेवाकडे वाढते आणि ज्या घेरासाठी ते लावले, तो घेरच नाहीसा होतो. उघड्या विहिरीच्या किंवा मत्स्यशेतीच्या तळ्याच्या काठीही ते टाळावे. बिया व साल यांतील घटक माशांना मारक आहेत.

रोपे तयार करणे

पक्व शेंगा फेब्रुवारीपासून मेपर्यंत गोळा केल्या जातात. शेंगेच्या कडेवर हलक्या हाताने दगड मारून बी काढता येते. ताज्या बियांची उगवण चांगली असते. त्यांवर आम्लाची वा उकळत्या पाण्याची प्रक्रिया करावी लागत नाही, रात्रभर साध्या पाण्यात भिजवणे पुरेसे असते. वर्षभराहून जुन्या बियांची उगवणशक्ती झपाट्याने घटते, म्हणून मागील वर्षाच्या शेंगा वापरू नयेत. बी पॉलिथीनच्या पिशवीत दीड-दोन सेंटिमीटर खोल आडवे ठेवतात. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतो. मातीत एखाद्या जुन्या करंजाखालची मूठभर माती मिसळल्यास मुळांवर गाठी लवकर बनतात.

सोटमूळ वेगाने खाली जाते. लहान पिशवीत वर्षाहून अधिक काळ राहिलेल्या रोपाचे मूळ तळाशी वेटोळे घेते, आणि असे झाड मोठे झाल्यावर वादळात उन्मळण्याचा धोका असतो. उंच रोप विकत घेण्याचा मोह येथे टाळावा. दीड-दोन फुटी, सरळ मुळाचे रोप तीन-चार वर्षांत पाच फुटी पण वेटोळ्या मुळाच्या रोपाला गाठते.

लागवड

लागवड जून-जुलैमध्ये पहिला चांगला पाऊस झाल्यावर करतात. खड्डा उन्हाळ्यातच घेऊन तापू द्यावा. साध्या मातीत दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा पुरतो. चोपण जमिनीत तो तीन फुटांचा घ्यावा आणि तळाशी चुनखडीचा कठीण थर लागल्यास पहारीने तो फोडावा. थर तसाच राहिल्यास खड्ड्याची कुंडी बनते: पावसाचे पाणी साठून राहते आणि मुळे कुजतात. नीरेकाठच्या काळ्या जमिनीत झाडे मरण्यामागे हे एक मोठे कारण असते, आणि करंजाचे लहान रोपही त्याला अपवाद नाही. माथ्याच्या मुरमाड जमिनीत नेमकी उलट अडचण असते. तेथे पाणी टिकत नाही, म्हणून खड्ड्यात गाळाची किंवा पोयट्याची माती घालावी लागते.

भरणीसाठी वरच्या थराची माती, चांगले कुजलेले शेणखत आणि चोपण जमिनीत अहवालानुसार जिप्सम वापरतात. साखर कारखान्याच्या परिसरात प्रेसमडचे कंपोस्ट सहज मिळते व ते उपयुक्तही असते. मात्र ते पूर्ण कुजलेले असावे, ताजे प्रेसमड खड्ड्यात तापते. उसाच्या चिपाडाची बॉयलरमधील राखही अशा गावांत फुकट मिळते व खत म्हणून टाकली जाते. ती अल्कधर्मी असल्याने चोपण जमिनीतील खड्ड्यात घालणे अहितकारक आहे.

चिबड जागेत खड्डा न करता फूट-दीड फूट उंच मातीचा उंचवटा करून त्यावर रोप लावणे अधिक सुरक्षित असते. मुळांना पहिली दोन वर्षे कोरडा, हवेशीर थर मिळतो आणि नंतर ती आपल्या गतीने खाली उतरतात.

पहिली तीन वर्षे

करंज काटक असल्याची ख्याती त्याच्या रोपांना अनेकदा महागात पडते. लावून सोडून दिलेली रोपे पहिल्याच उन्हाळ्यात जातात. पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे. रोज थोडे पाणी दिल्यास मुळे वरच्या थरातच राहतात, आणि विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी मचूळ असेल तर क्षारही त्याच थरात साचतात. अशा ठिकाणी कालव्याचे पाणी मिळेल तेव्हा एकदा आळे पूर्ण भरून क्षार खाली धुऊन काढणे हितावह असते. आळ्यात उसाच्या पाचटाचे आच्छादन घातल्यास बाष्पीभवन कमी होते. क्षारांचे वर चढणे बाष्पीभवनामुळेच होत असल्याने या आच्छादनाचा लाभ दुहेरी असतो. पाचट खोडाला चिकटू देऊ नये, कारण वाळवी लागते.

पाने कडवट असल्याने जनावरे करंजाला सहसा तोंड लावत नाहीत. तरी शेळ्या कोवळे शेंडे खुडतात, म्हणून माणसाच्या उंचीएवढे होईपर्यंत काट्यांचे कुंपण ठेवणे बरे. चौथ्या वर्षापासून सामान्य पावसात वेगळे पाणी द्यावे लागत नाही. बियांपासून वाढवलेल्या झाडाला पहिला बहर यायला साधारण चार ते सात वर्षे लागतात.

छाटणी

खालच्या फांद्या लवकर आडव्या पसरत असल्याने, झाडाखाली बाज टाकायची किंवा बैलगाडी उभी करायची असल्यास खोड सात-आठ फुटांपर्यंत मोकळे करावे लागते. हे काम एका वर्षात न करता दरवर्षी दोन-तीन फांद्या काढून करावे. मोठी छाटणी हिवाळ्यात, नवी पालवी फुटण्यापूर्वी करतात; उन्हाळ्यात छाटल्यास उघडे पडलेले खोड उन्हाने तडकते आणि वर्षाची सावलीही जाते. बुंध्याजवळचे व मुळांवरचे धुमारे लहान असतानाच उपटून काढावेत. कापल्यास तेथून अधिक फुटतात.

युरोपात हॉर्नबीम नावाचा वृक्ष दाट छाटून त्याची हिरवी भिंत करण्याची परंपरा आहे. छाटणी सोसण्याच्या बाबतीत करंज त्याच्या तोडीचा आहे व त्याचेही कुंपण करता येते. तरीही कुंपणासाठी मेंदी किंवा अडुळसा सोपा. करंजाचा खरा उपयोग त्याला पूर्ण वाढू देण्यात आहे. नगरपालिका हद्दीत मोठे झाड तोडण्यासाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार परवानगी घ्यावी लागते.

पानांवरील गाठी व अळ्या

करंजाच्या पानांवर बोटाएवढ्या किंवा लहान, हिरवट-तपकिरी गाठी हमखास दिसतात. त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म कोळींमुळे होतात. पाने विद्रूप दिसली तरी झाडाच्या वाढीवर विशेष परिणाम होत नाही आणि फवारणीची आवश्यकता नसते. पाने पोखरणाऱ्या अळ्यांचे पांढुरके चट्टेही असेच उपद्रवहीन असतात. पावसाळ्यात काही फुलपाखरांच्या अळ्या पाने खातात. कॉमन बँडेड ऑल हे वेगवान उडणारे तपकिरी फुलपाखरू त्यांपैकी प्रमुख होय. लहान रोपांवरील अळ्या हाताने वेचता येतात, मोठ्या झाडाला त्या जाणवतही नाहीत.

शेंगा, फुले व विषारीपणा

करंज स्वच्छतेची आवड असणाऱ्यांचे झाड नव्हे. वर्षातून तीनदा, म्हणजे पाने, फुले व शेंगा गळताना, अंगण भरून जाते. फरशीवर पडलेली फुले ओली झाल्यावर निसरडी होतात. झाडाखाली नळ किंवा धुण्याचा दगड असल्यास बहराच्या दिवसांत मधमाश्यांचा त्रास होतो. मात्र हा कचरा उत्तम खत आहे: कुजलेली फुले व पाने कुंड्यांसाठी वापरली जातात, आणि पालापाचोळा शेतात हिरवळीचे खत म्हणून गाडण्याची पद्धत जुनी आहे.

बिया कडू व विषारी असून खाल्ल्यास मळमळ व उलट्या होतात. लहान मुले शेंगा खेळायला घेतात, त्यामुळे त्या वेळेवर झाडून काढणे आवश्यक असते. बियांत साधारणपणे २७ ते ३९ टक्के तेल असते. हे तांबूस, उग्र वासाचे तेल पूर्वी दिव्यांत जाळले जाई. साबण, कातडी कमावणे व त्वचारोगांवरील बाह्य औषध यांसाठी त्याचा वापर होतो. ते पोटात घेण्यासारखे नाही. तेल काढल्यावर उरणारी पेंड खत म्हणून वापरली जाते. तिच्यातील करंजिन हा घटक जमिनीतील नत्राचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर मंदावतो, त्यामुळे नत्र पिकाला अधिक काळ उपलब्ध राहते. जैवइंधनासाठी करंजाची बरीच चर्चा झाली असली, तरी आवारातील एका झाडापासून त्या दृष्टीने काही मिळवण्याची अपेक्षा ठेवू नये. बियांपासून वाढलेल्या झाडांचे उत्पन्न एकमेकांपासून फार भिन्न असते.

नावातील साम्य

रोपवाटिकेत 'करंज' मागितल्यावर बहुधा योग्य रोपच मिळते. घोळ होतो तो औषधी वनस्पतींच्या नावांत. सागरगोटा या काटेरी वेलीला लताकरंज किंवा काटेकरंज म्हणतात. तिच्या राखाडी, गोट्यांसारख्या बिया खेळण्यासाठी प्रसिद्ध आहेत. वावळा या वृक्षाला आयुर्वेदीय ग्रंथांत चिरबिल्व म्हटले असून काही ठिकाणी तो पूतिकरंज या नावानेही येतो. संस्कृतातील नक्तमाल हे नाव मात्र येथे वर्णिलेल्या करंजाचेच मानले जाते. कन्नडमध्ये त्याला होंगे, तेलुगूत कानुग आणि तमिळमध्ये पुंगम म्हणतात. शास्त्रीय नावातील पोंगॅमिया हा शब्द याच दाक्षिणात्य नावावरून आलेला आहे.